वाकळेचा घास

अंबूबाई नवी नवरी असताना तिची सासू तिच्यावर ओरडलेली मी भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

"ह्यो टाका हाय, का बैल मुतत गेलाय?"

"मग तुमीच शिवा की, आत्याबाई."

बोलली खरी, पण सरळ टाक्याचं बक्षीस मिळवायचं हे तिच्या मनात तेव्हापासून बसलं. यंदा कडेगावात जत्रेला हातानं केलेल्या वस्तूंची स्पर्धा लागली, तशी आम्ही दोघींनी मिळून जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली. वाकळ उपाशी ठेवत नाहीत, म्हणून शेवटच्या कोपऱ्यात अंबूबाईनं गूळभाकरीचा घास घातला आणि तोंड शिवून टाकलं.

मांडवात परीक्षक बाई खूश होऊन वाकळ चाचपायला लागल्या, आणि हात झटकत मागं सरल्या. कोपऱ्याला मुंग्या लागल्या होत्या.

"आजी, तेवढा कोपरा उसवून साफ करा, मग नंबराचं बघू."

मी उसवायला सुई काढली, तर अंबूबाईनं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. तिला उपाशी ठिवून मला नंबर नगं."

नंबर लोकरीच्या सशाला गेला. ससा मात्र देखणा होता.

गावातल्या कुणाला बाळ झालं की वाकळ अंबूबाईच पोचवायची. त्याच आठवड्यात शेजारची क्रांती मिरजेच्या दवाखान्यात बाळंत झाली. अंबूबाईनं तीच वाकळ उन्हात घालून मुंग्या घालवल्या आणि एसटीनं नेऊन दिली. महिन्याभरानं अंबूबाई वारली, म्हणजे तिची ही खेप शेवटची. मिरजेहून येताना नेहमीसारखी तिनं स्टँडवर भजी खाल्ली, आणि दोन माझ्यासाठी कागदात बांधून आणली.