प्रेमानंदचं नाक

प्रेमानंदचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आंघोळ करायचा, पण साबण लावायचा नाही. केसांना तेल नाही, तोंडात तंबाखू नाही, पोटात चहासुद्धा नाही. बुद्धाच्या तसबिरीपुढे तो नुसते हात जोडायचा. उदबत्ती त्याची बायको बायजाबाई लावायची, तीही तो घराबाहेर पडल्यावर. उदबत्तीचा वास नाकात बसला तर दुपारपर्यंत काम बिघडतं, असं त्याचं म्हणणं होतं. ते खरं होतं.

काम पिंपांचं होतं. नागपूरबाहेरच्या एका दारू कारखान्यात तो आणि मी बरोबर लागलो आणि बरोबरच निवृत्त झालो. कारखाना परदेशातून ओकच्या लाकडाची जुनी पिंपं विकत घ्यायचा आणि त्यांत आपली व्हिस्की मुरवायचा. मी पिंप ट्रकवरून उतरवायचो, लोळवत आणायचो, सैल लोखंडी पट्ट्या ठोकून घट्ट करायचो. प्रेमानंद बूच काढून भोकाला नाक लावायचा आणि डोळे मिटायचा. आंबट किंवा बुरशीचा वास आला तर पिंप बाजूला. एक खराब पिंप आत गेलं तर वर्षांची मेहनत वाया जाते. त्यानं घाई केलेली मी कधी पाहिली नाही. आम्ही दमून बसलो तरी हा पुढच्या पिंपापाशी वाकलेला असायचा.

बहुतेक पिंपं अमेरिकेतून यायची. त्यांत आधी बर्बन, म्हणजे तिकडची व्हिस्की, भरलेली असायची. काही पिंपं अमेरिकेनंतर आयर्लंडला राहून, तिथली व्हिस्की मुरवून आलेली असायची. हा फरक त्याला प्रयोगशाळेतल्या अरुंधती मॅडमनी शिकवला. त्यांनी दोन्ही व्हिस्क्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि चव घ्यायला लावली. बर्बन मक्याची. तिला दरवेळी कोरं पिंप लागतं, आतून जाळून काळं केलेलं. म्हणून तिला करपलेल्या गुळाचा वास येतो. आयरिश जवाची, बरेचदा तीन वेळा गाळलेली. ती दुसऱ्यानं वापरून सोडलेल्या पिंपात मुरते, म्हणून हलकी. तिला ओल्या गवताचा, कच्च्या पेरूचा वास.

प्रेमानंद घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. गिळायचा नाही. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात दारू शिरली नव्हती.

विहारातले भैय्याजी त्याला चिडवायचे. "काहून गा प्रेमानंद, थुंकलं तर शील शाबूत राहते का?"

"तुमी पान थुंकता, तरी तोंड लालच राहते ना? माहं पाहा, कोरडं हाय."

पण खरी तपासणी घरी व्हायची. संध्याकाळी तो आला की बायजाबाई दारातच उभी राहायची.

"हा करा."

तो तोंड उघडून हा करायचा. मग ती त्याच्या सदऱ्याची बाही नाकाशी धरायची. "आज गूळ हाय. अमेरिकेची पिंपं उतरली वाट्टे." किंवा, "आज गवतात लोळून आले जी तुमी." ती कधी चुकली नाही. पिंपांची गोष्ट त्यानं तिला समजावून सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, "म्हंजे बर्बनवाली नवं घर बांधते, अन आयरिशवाली तिथंच किरायानं राहते." हे तो आम्हाला कितीदा तरी ऐकवायचा, आणि दरवेळी पहिल्यांदा ऐकवल्यासारखा हसायचा.

निवृत्तीनंतर तो आणि बायजाबाई नागपूरच्या कडेला, बेसाला राहायला गेले. दोन खोल्या, मागे थोडी जागा. आजूबाजूला उंच इमारती उठत होत्या. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दोघंही आजारी पडले. प्रेमानंद घरी आला. बायजाबाई आली नाही. त्याला तिचं तोंडही नीट पाहू दिलं नाही.

आणि त्याचं नाक गेलं. दूध करपलेलं कळेना, गॅस चालू राहिलेला कळेना. इतरांची नाकं महिन्या-दोन महिन्यांत परत आली. याचं आलं नाही.

मुलगी दीक्षा पुण्याला नर्स आहे. सुटी मिळाली तशी ती आली आणि तिनं आईचे कपडे लोखंडी पेटीत भरले. लुगडी, साड्या, हिवाळ्यातला स्वेटर. जाताना म्हणाली, "बाबा, सगळा बंदोबस्त करून ठेवला आहे. काही काळजी करू नका." प्रेमानंद तेव्हा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान हलवली.

ती पेटी त्यानं उघडली नाही. मी एकदा विचारलं, काहून?

"माणूस गेल्यावर कपड्यात त्याचा वास राहते," तो म्हणाला. "पण थोडाच राहते. पेटी उघडली का उडते. पिंपाचं बूच उघडं ठेवलं तर काय होते, तुले मालूम हाय. आता उघडली अन मले काहीच नाई आलं, तर? तिचा वास बी गेला अन मी बी कोरा राहिलो. नाक आलं का उघडीन."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओळखीचे वास रोज हुंगायचे, नाक पुन्हा शिकतं. लिंबू, लवंग, निलगिरी. प्रेमानंदनं ते करून पाहिलं आणि सोडलं. त्याच्या ओळखीचे वास दुसरेच होते. तो वाइन शॉपमध्ये गेला आणि दोन बाटल्या घेऊन आला. एक बर्बन, एक आयरिश. साठाव्या वर्षापर्यंत दारूत काम केलेला हा माणूस दारूच्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढला होता. नेमके भैय्याजी रस्त्यात भेटले.

"म्हातारपणी सुरू केली का गा?"

"नाकानं घेऊन राहिलो," प्रेमानंद म्हणाला आणि पिशवी न लपवता घरी आला.

रोज पहाटे उपाशीपोटी तो दोन्ही बाटल्या हुंगायचा. रविवारी मी सायकलनं जायचो. तो डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा, कारण बर्बनचा रंग गडद असतो. मी दोन वाट्यांत ओतून पुढे करायचो. त्यानं सांगायचं, कोणती कुठली. हुंगून झालं की वाट्या माझ्या. मी दोन्ही प्यायचो आणि त्याला चव सांगायचो. बर्बन आधी गोड लागते, मग घसा ओरबाडते. आयरिश गुपचूप उतरते आणि मागून ऊब देते.

"गिळायची घाई काहून करतं बे?" तो ओरडायचा. "जिभेवर ठेव. मग सांग."

पावसाळा गेला, हिवाळा गेला. वाटी नाकाशी धरून तो थांबायचा आणि म्हणायचा, "नाई." अंदाज सांगायचा नाही. मी म्हणायचो, सांगून तर पाहा. "अंदाजानं पिंप पास करत नसतात," एवढंच उत्तर.

एका रविवारी त्यानं पटकन सांगितलं. डावी बर्बन, उजवी आयरिश. बरोबर होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यानं दुपट्टा सोडला नाही.

"हे धरू नको. बूच ऐकलं मी. आयरिशले लाकडाचं बूच हाय, फट्ट वाजलं. हे कानाचं काम झालं."

त्यानंतर मी मागच्या अंगणात जाऊन ओतू लागलो.

घर तसंच होतं. एक ताट, एक पेला, दोरीवर एक सदरा. तसबिरीपुढे उदबत्ती नव्हती. तो म्हणायचा, लावणारी नाही. मी निघालो की तो फाटकापर्यंत यायचा आणि पुढच्या रविवारची आठवण करायचा. आठवडाभरात त्याच्याशी समोर बसून बोलणारा बहुतेक मीच होतो.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी त्यानं पहिली वाटी नाकाशी धरली आणि खूप वेळ काढलीच नाही.

"गूळ," तो म्हणाला. "करपलेला."

त्यानं दुसरी घेतली.

"हा कच्चा पेरू हाय. अन गवत."

बरोबर होतं. त्यानं मला पुन्हा ओतायला लावलं, वाट्या बदलून. पुन्हा बरोबर. तरी त्यानं पेटी उघडली नाही. पुढच्या रविवारी परत परीक्षा दिली, त्याच्या पुढच्याही. मग म्हणाला, "झालं. आता पास."

त्या दिवशी त्यानं खोली पाण्यानं पुसून काढली. पंखा बंद केला, खिडकी लावली. मला दारात थांबायला सांगितलं. पेटीपुढे तो गुडघ्यांवर बसला, कडी काढली, झाकण वर केलं आणि पिंपावर वाकायचा तसा आत वाकला. डोळे मिटलेले.

बराच वेळ तो तसाच होता. मग त्यानं एक साडी उचलून चेहऱ्याशी धरली. मग दुसरी. मग स्वेटर. घड्यांमधून पांढऱ्या गोळ्या घरंगळून फरशीवर पडल्या. मलाही दारातून वास आला.

"डांबराच्या गोळ्या," तो म्हणाला. "दीक्षानं टाकल्या. घडीघडीत टाकल्या."

मी आत गेलो.

"नाक चांगलं चालून राहिलं गा, मधुकर," तो म्हणाला. "पार तळाची गोळी बी समजली."

त्यानं सगळे कपडे पुन्हा घडी केले, एकेक नीट. गोळ्याही वेचून परत ठेवल्या.

दुपारी दीक्षाचा फोन आला. रविवारी ती करतेच. पेटी उघडली हे त्यानं तिला सांगितलं. तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"बाबा, कपडे नीट आहेत ना?"

"हो वं पोरी. एकाले बी कसर नाई लागली. चांगलं काम केलं तू."

फोन ठेवून त्यानं दोन्ही बाटल्या माझ्या पिशवीत घातल्या. थोडी थोडी उरली होती. "घेऊन जा. माह्या आता कामी नाई यायच्या." मग फाटकापर्यंत आला, पण पुढच्या रविवारचं काही बोलला नाही. मीच बोललो.

जन्मभर पिंपांवर वाकून मिळवलेल्या पैशात दीक्षाचं शिक्षण झालं, बेसाच्या दोन खोल्या झाल्या, बायजाबाईचं दवाखान्याचं बिल भरलं गेलं. शिल्लक होती तिच्यातून त्यानं त्या दोन बाटल्या घेतल्या. त्यातून शेवटी त्याला लेकीनं मायेनं टाकलेल्या डांबराच्या गोळ्यांचा वास मिळाला.