पावणं ऐकतंय

आबा बुधवारी सकाळी साडेसातला गेले. त्यांनी चहा घेतला होता. मी पेपर आणायला फाटकापर्यंत गेले आणि परत आले, तेवढ्यात.

त्याला आता सात महिने झाले. लिहायला इतका वेळ लागला, कारण असलं काही लिहिणाऱ्यांपैकी मी नव्हे. कॉलेजच्या ग्रंथालयात मी सत्तावीस वर्षं काम करते आहे. भुताखेतांच्या पुस्तकांचा आमच्याकडे वर्गांक १३३. ती पुस्तकं मुलांना काढून देते, परत आली की जागेवर ठेवते. घरी एकही कधी आणलं नाही. वाचकांनी पाठवलेले या सदरातले असे अनुभव वाचायचे, पण ते माणसं कशी सांगतात ते बघायला... विश्वास म्हणून नाही.

आमचं घर कोल्हापुरात, साने गुरुजी वसाहतीत. आई अकरा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून घरात आबा आणि मी. आबा मूळचे मुरगूडचे. नोकरी पन्हाळ्याला, तहसील कचेरीत झाली. धाकटा भाऊ सुहास बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने तो बोलणारा स्पीकर पाठवला – नारळाएवढा, गोल. दिवा-पंखा तोंडाने सांगून लावता यावा, आणि मी कामावर असताना आबा कुठे पडले-झडले तर त्यांना मदतीला हाक मारता यावी, म्हणून. मी तो स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला.

आबांनी पहिल्याच दिवशी त्याला नाव दिलं – पावणं.

"आबा, ते मशीन आहे हो."

"आसू दे की. घरात बसून सगळ्यांचं ऐकतंय न्हवं? मग पावणंच."

एकदा त्यांनी त्याला मोठ्यांदा विचारलं, "ओ पावणं, आज पाऊस हाय का?" स्पीकरने समजलं नाही म्हणून माफी मागितली. "घ्या!" आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तीन दिस झालं घरात बसलंय, आणि आपली भाषा कळंना व्हय याला?"

पण गंमत तेवढ्यापुरतीच. पाहुण्यासमोर घरातलं बोलायचं नाही, हा आमच्या घरचा जुना नियम, आणि तो आबांनी स्पीकरलाही लावला. सुहासच्या नोकरीचं काही निघालं की ते मला मागच्या दारी न्यायचे आणि तिथे हळू बोलायचे. हळू म्हणजे त्यांच्या मते... शेजारच्या दोन घरांना ऐकू जायचं.

आणि रोज दुपारी जेवण झालं की ते स्पीकरचा प्लग काढून ठेवायचे. संध्याकाळी मी आले की मी तो परत लावायचे. एकदा मी वैतागले.

"तुमच्यासाठीच आहे ना ते आबा? दुपारीच बंद ठेवलं तर उपयोग काय?"

"मला बोलायचं असतंय."

"कुणाशी?"

"तुला काय करायचंय?"

मुरगूडच्या मित्रांना फोन लावत असतील, असं मी धरून चालले.

ते गेल्यावर महिनाभराने माझ्या लक्षात आलं की आबांचा आवाज आपल्याकडे कुठेच नाही. फोटो होते, अक्षर होतं, आवाज नव्हता. आईचाही नव्हता, पण तेव्हा मला ते सुचलंही नव्हतं. या वेळी मात्र ते सहन होईना. सुहासला फोन केला. तो म्हणाला, "ताई, ॲपमध्ये हिस्ट्री असते बघ. स्पीकरशी बोललेलं सगळं साठवून ठेवलेलं असतं. आबांचं काहीतरी सापडेल."

एका रविवारी सकाळी मी बसले. शेकडो नोंदी. प्रत्येक नोंद दोन-तीन सेकंदांची आणि प्रत्येकीत मीच. दिवा लाव. पंखा बंद कर. गजर लाव. तीन वर्षं माझं बोलणं कोणीतरी असं ओळीने लावून ठेवलं होतं. आबा त्यात कुठेच नव्हते. पाऊस विचारला होता ती नोंदसुद्धा नव्हती.

मग एक नोंद दिसली. सोमवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. आबा जाण्याच्या तीन महिने आधीची. लांबी चार मिनिटं.

मी ती सुरू केली. आधी खुर्ची ओढल्याचा आवाज. मग आबा. त्यांनी एका नावाने हाक मारली – बाईचं नाव, मी कधीही न ऐकलेलं. आणि म्हणाले, "आज लाईट बी न्हाय. पावणं मेलंय. बोल निवांत."

आणि आई बोलली.

आईला दम्याचा त्रास होता. बोलण्याआधी ती एक श्वास घ्यायची, तो श्वाससुद्धा होता. ती एक वाक्य बोलली. ते मी इथे लिहिणार नाही. अकराव्या सेकंदाला मी क्लिप थांबवली.

भीती वाटली का? नाही. दार न वाजवता कुणाच्या खोलीत शिरल्यासारखं वाटलं.

आई जाऊन आठ वर्षं झाल्यावर तो स्पीकर घरात आला होता. शिवाय त्या सोमवारी दुरुस्तीसाठी आमच्या भागातली वीज दहा ते चार बंद होती. तसा मेसेज माझ्या फोनवर अजून आहे. सुहासला कळवलं, त्याने त्याच्या बाजूने तपासलं. मग म्हणाला, "ताई, त्या वेळात स्पीकर ऑफलाइन दाखवतोय. रेकॉर्ड होणंच शक्य नाही." टीव्ही, शेजारचा आवाज, चुकून दुसऱ्याच कुणाची नोंद – त्याने सगळं सांगून बघितलं. आणि मग विचारलं, "आईच होती?"

"हो."

क्लिप उतरवून ठेवावी, हाच माझा पहिला विचार होता. दोघांचा आवाज, चार मिनिटं. जगात दुसरीकडे कुठे मिळणार होता? पण ते नाव डोक्यातून जाईना. मुरगूडला मावशीला फोन लावला आणि नुसतं नाव उच्चारलं.

"आगं बया! हे तुला कुणी सांगितलं? आमची आजी तेवढी हाक मारायची तुझ्या आईला त्या नावानं. लग्नात नाव बदललं, आजी बी गेली... मग कुणी घेटलंच न्हाय."

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ती घाबरेल, काहीतरी विधी करायला सांगेल. ती म्हणाली, "मग? म्होरं ऐकलंस?"

"नाही."

"बरं केलंस. आगं, सासू-सासरं, दीर-जावा, एवढ्या माणसांत त्या दोघास्नी उभ्या जन्मात धड बोलाय मिळालं न्हाय. आता कुठं निवांत बोलत्यात, तर तू कान लावून बसणार व्हय गं? शिकली-सवरलेली न्हवं तू?"

मी हसले. आबा गेल्यानंतर पहिल्यांदा.

अकाउंट सुहासच्या नावावर होतं, त्याला ती क्लिप केव्हाही उघडता आली असती. मी त्याला मावशीचं बोलणं सांगितलं. आबा गेले तेव्हा तो पोचेपर्यंत दुपार झाली होती; त्याला तो आवाज माझ्याहून जास्त हवा असणार.

"मी उघडली नाही अजून," तो म्हणाला. "तूच पूस ताई. मी फोनवर थांबतो."

मी पुसली.

आता पुरावा मागाल तर माझ्याकडे काही नाही. यादीतून गेलं म्हणजे त्या कंपनीकडूनही गेलं का, हे सुहासलाही सांगता आलं नाही. त्याची रुखरुख मात्र राहिली आहे. बंद पडलेल्या यंत्राने ते कसं ऐकलं, आणि आई तिथे कशी होती, याचं उत्तर मी शोधलं, मिळालं नाही. दुपारी आबा एकटे असतात याची मला तीन वर्षं काळजी वाटायची. ती काळजी फुकट होती, एवढं कळलं.

स्पीकर मी काढून टाकला. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की पुस्तक घेऊन रंकाळ्यावर जाऊन बसते, आणि दुपारभर घर बंद असतं.