सहाव्या भागातली तलवार

आपल्याच शहरातल्या भुताखेतांवर लिहिलेल्या एका कादंबरीमालेचा सहावा भाग आम्ही ऑफिसातल्या चौघींनी वाचला. दुपारी डबे उघडले आणि मतं सुरू झाली. नायिका ऐन संध्याकाळच्या ट्रॅफिकमधून येरवड्याहून खराडीला इतक्या लवकर पोहोचेलच कशी, यावर अख्खी जेवणाची सुट्टी गेली. वेताळ रिक्षा चालवतो, हे मात्र कुणालाच खटकलं नाही. माझं डोकं तापलं होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. पाच भाग वेताळांशी लढलेली ही बाई या भागात लग्न झाल्यावर एकदाही तलवार उचलत नाही. शेवटी मी विचारलं, "तिची तलवार गेली कुठे?"

डब्याचं झाकण लावत एकजण शांतपणे म्हणाली, "अगं, आता तिला घरसंसार आहे ना."

यापेक्षा वेताळ बरे. ते निदान समोरून तरी येतात.