नुकसानीच्या रकान्यातलं भांडण

स्क्रीनवरचा आलेख शून्याच्या रेघेखाली गेला होता आणि फोनवर बोकील सर ओरडत होते.

“अहो, शून्याच्या खाली कसा जाईल? लोकांना नेटवर्क दिलंय, रोगराई नाही दिली!”

“आकडे तसेच आलेत सर.”

“मग पुन्हा बघा. परवा मीटिंग आहे. कंपनीची माणसं मुंबईहून येतायत. त्यांना हे दाखवणार?”

बोकील म्हणजे आमच्या पुण्याच्या संशोधन संस्थेचे मालक. सोलापूरचं काम मी बघते. तिथं नवी पेठेत कापडाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. खाली रिक्षांचा कलकलाट चालू असला की फोनवरचं अर्धं ऐकू येत नाही. त्या बुधवारी नेमकं सगळं ऐकू येत होतं.

माझं काम सर्वेक्षणाचं. चोवीस वर्षं झाली. लोकांच्या दारात जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरांचे आकडे करायचे. या खेपेचं गिऱ्हाईक होतं एक मोबाईल कंपनी. मंगळवेढ्याच्या पुढं जो कोरडा पट्टा आहे, तिथल्या पाच वस्त्यांवर तिनं पुढच्या पिढीचं नेटवर्क चाचणीसाठी बसवलं होतं. त्याचा वेग किती, सिग्नल किती वेळा तुटतो, हे इंजिनिअर मोजतात. त्याला ते केपीआय म्हणतात. ते आकडे झकास होते. पण हल्ली कंपन्यांना केव्हीआय पण लागतो. म्हणजे त्या वेगानं माणसांचं काय भलं झालं, ते मोजून द्या. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल.

कंपनीचा नियम साधा होता. स्कोअर शून्याच्या वर आला तर नेटवर्क आणखी दोन वर्षं राहणार. खाली गेला तर यंत्रं उतरवून दुसरीकडं नेणार.

फॉर्म मी बनवला होता. प्रत्येक उत्तराला वेटेज असतं, म्हणजे कुठल्या उत्तराला किती वजन द्यायचं ते. सगळ्यात मोठं उणे वजन मी ‘घरातला कलह वाढला’ या उत्तराला दिलं होतं. मोबाईलपायी संसार मोडलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. त्या वेटेजचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

“कलहाचं वजन थोडं कमी करा,” बोकील म्हणाले. “शिक्षणाचं वाढवा. कोण बघतंय?”

“मी बघतेय की.”

“तुमचा हा हेका एक दिवस आपल्याला बुडवणार आहे,” असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

मी मूळ उत्तरं काढली. समोर रेश्मा बसली होती. ही माझी जुनी सहकारी, अक्कलकोटची, सर्वेच्या कामात मुरलेली. पाच वस्त्यांवर तीच फिरली होती. एकेक फॉर्म वाचत गेले तसा माझा पारा चढत गेला. टॉवरमुळं गाभण मेंढ्यांनी गाभ टाकला. टॉवरमुळं बोरचं पाणी आटलं. टॉवरमुळं डाळिंबाची फुलं गळाली. आणि एका वस्तीवर तर जवळजवळ प्रत्येक फॉर्मात एकच ओळ होती: भांडणं वाढली.

“रेश्मा, हे काय लिहून आणलंस?”

“लोकांनी सांगितलं तेच लिहिलंय मॅडम. स्वतःच्या मनाचं अक्षर घातलं असेल तर कान धरा माझा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गाडी काढून निघालो.

वस्ती धनगरांची. वीस-बावीस घरं, वाघरातल्या, म्हणजे जाळीच्या कुंपणातल्या, मेंढ्या, आणि शाळेची एकच खोली. गाडी थांबायचा अवकाश, एक म्हातारबुवा काठी टेकत समोर आले. सगळे त्यांना आण्णा म्हणत होते.

“या म्याडम. पंचनाम्याचं काय झालं? नाव आलं का न्हाय यादीत?”

“कसला पंचनामा?”

“आता गं! हीच पोरगी न्हाय का आलती टॅब घिऊन? नुकसान काय झालं, नुकसान काय झालं म्हणून इचारत हुती की.”

आत्ता उलगडा झाला. हा पट्टा पंचनाम्यांवर वाढलेला आहे. गारपीट झाली, दुष्काळ पडला, वादळ आलं की साहेब लोक येतात, नुकसान लिहून घेतात, मग मदत येते. पंचनाम्यात फायदा सांगायचा नसतो. ज्यानं ‘बरं चाललंय’ म्हटलं तो यादीतून गेला. आणि माझ्या फॉर्मात पहिलाच प्रश्न होता: नेटवर्क आल्यापासून काय नुकसान झालं? वाईट आधी विचारावं म्हणजे लोक मोकळे होतात, ही माझी अक्कल.

“आण्णा, मी सांगितलं होतं ना, आम्ही सरकारी नाही म्हणून?” रेश्मा कळवळून म्हणाली.

“समदी आदी तसंच म्हणत्यात बाळा.”

“बरं, मेंढ्यांनी गाभ टाकला ते?” मी विचारलं.

“टाकला की. चार वर्सामागं.”

“आणि टॉवर कधी आला?”

“टावर औंदा आला.”

“मग टॉवरनं कसा गाभ टाकला?”

“तुमी नुकसान इचारलंसा, आमी नुकसान सांगितलं. कशानं झालं तो रकाना तुमचा.”

कपाळावर हात मारून घेतला मी. माणूस चुकीचं काही बोलत नव्हता.

“आणि भांडणं? ती पण जुनीच का?”

“न्हाय, न्हाय. ती खरी हायत. सुनीताच्या घरातली. रोज ऐकाय...” आण्णा थांबले. “म्हंजी ऐकाय येत न्हाईत. दिसत्यात.”

शाळेमागच्या घरापुढं एक बाई आणि दहा वर्षांची मुलगी समोरासमोर उभ्या होत्या. चौघांचे हात असावेत इतक्या जोरात हात चालले होते. मला वाटलं मारामारी चाललीय, मी धावले. पण कुणी कुणाला हात लावत नव्हतं. आवाजही नव्हता. मुलगी दात-ओठ खात बोटं नाचवत होती आणि आई तिला तसंच उत्तर देत होती.

ही सुनीता, आणि तिची मुलगी माया. माया जन्मापासून बहिरी.

“काय झालं?”

“कोकरू दिलं नव्हं माझ्या भनीला. तर ‘का दिलंस? मला न इचारता का दिलंस?’ सकाळधरनं तेच. का, का, का! डोकं उठलंय बगा.”

“आधी अशी भांडायची नाही?”

“आदी कशानं भांडंल? ये, जेव, नीज, एवढंच कळायचं तिला. काय मनाविरुद्ध झालं की भिताडाला टाळकं आपटून घ्यायची. ती रडायची, मी रडायची. कशापायी ते तिला सांगता येईना आन मला कळंना.”

मग सगळं बाहेर आलं. कंपनीनं चाचणीसाठी शाळेच्या खोलीत टीव्ही आणि कॅमेरा बसवला होता. शाळेच्या गुरुजींनी सोलापूरच्या चिलवेरी बाईंना गाठलं. बाई कर्णबधिर मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, घरी रिकाम्या बसून कंटाळलेल्या. रोज चार वाजता त्या टीव्हीवर येतात आणि माया अन् सुनीता दोघींना खुणांची भाषा शिकवतात. आधी गुरुजींच्या मोबाईलवर, जुन्या नेटवर्कवर करून बघितलं होतं, पण जमलं नव्हतं. आपलं बोलणं अडकलं तर आपण ‘हॅलो, हॅलो’ करतो. खुणांच्या भाषेत चित्र अडकलं की शब्दच गेला, बोटं पुसल्यासारखी दिसतात. कंपनीच्या नोंदीत ही सगळी हकिगत एका ओळीत होती: रोजचा वापर एक तास, वापरणारी एक.

“सुनीताबाई, मग हे तुम्ही नुकसानीत का सांगितलंत?”

ती वाईच लाजली. “समदी काय काय सांगत हुती. माजी ना मेंढी मेली, ना बोर आटलं. मोकळ्या हातानं कसं बसायचं? म्हणलं, पोरगी लई भांडाय लागलीया, तेच लिवा.”

आणि शेजाऱ्यांनीही तेच लिहायला सांगितलं होतं. एका घरातलं एक भांडण वीस फॉर्मांत मोजलं गेलं, माझं सगळ्यात जड वजन लावून.

“ह्याचा निकाल काय लागणार बाई?”

खोटं बोलायला जीभ वळली नाही. म्हटलं, “असंच राहिलं तर टॉवर काढतील.”

ती मटकन खालीच बसली. “म्हंजी मीच... माज्याच तोंडानं?”

“तुमच्या नाही. माझ्या फॉर्मानं,” मी म्हणाले. माया आईच्या तोंडाकडं आणि माझ्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. आईचा दंड धरून तिनं एक खूण केली. सुनीतानं तिला नुसतं जवळ ओढलं. मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की बस्स.

परतताना रेश्मा म्हणाली, “मॅडम, पुन्हा विचारून घेऊ या का सगळ्यांना?” वेळ नव्हता. शिवाय बंद केलेल्या फॉर्मातलं उत्तर नंतर बदलायचं नसतं, तो आमच्या धंद्यातला गुन्हा. आणि आता ‘फायदा सांगा’ म्हटलं असतं तर वस्तीनं तितक्याच हौसेनं फायदा सांगितला असता. तोही खोटाच.

मी गाडीतूनच बोकीलांना फोन लावला. “सर, उद्या मी सांगणार आहे, फॉर्म चुकला.”

“कुणाचा?”

“माझा.”

“पुढचं एक काम मिळणार नाही आपल्याला. तुमचं चोवीस वर्षांचं नाव जाईल.”

“गेलं तर गेलं,” मी म्हणाले. म्हणाले खरी, पण फोन ठेवल्यावर विचार आला. या वयात दुसरं काम कोण देणार होतं मला?

शुक्रवारी मीटिंग होती हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये. कंपनीकडून शिरोडकर आले होते. प्रोजेक्ट मॅनेजर, निर्णय त्यांच्या हातात. मी सगळं सांगितलं, पंचनाम्यासकट. शेजारी बोकील पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत बसले होते.

“म्हणजे तुमचा फॉर्म रद्दी आहे,” शिरोडकर शांतपणे म्हणाले. “मग मी निर्णय कशावर घेऊ? एका मुलीच्या गोष्टीवर? गोष्ट तर कुणीही आणतं, मॅडम.”

“गोष्ट नका ऐकू. चार वाजतायत. बघा.”

चिलवेरी बाईंना मी लॅपटॉपसकट बोलावून घेतलं होतं. त्या शिरोडकरांच्या शेजारी बसल्या. चार वाजता माया पडद्यावर आली. तिनं हात उचलले आणि चित्र अडकलं. सुटलं, पुन्हा अडकलं. तळघरात रेंज कुठली असणार? हॉटेलचं वायफाय रडत होतं. मायाच्या बोटांच्या जागी नुसता धुरळा दिसत होता. एवढा साधा विचार मी केला नव्हता! दोन दिवसांत दुसरी चूक.

“पुन्हा कर, बाळ, पुन्हा,” बाई हातांनी सांगत होत्या. मायानं पुन्हा केलं. पुन्हा धुरळा. मग तिनं दोन्ही हातांनी समोरच्या बाकावर दाणदाण मारायला सुरुवात केली. तो आवाज मात्र नीट येत होता.

“काय म्हणतेय ती?” शिरोडकरांनी विचारलं.

“मला कळत नाहीये,” चिलवेरी बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले. “हात दिसत नाहीत हो. आधी रोज असंच व्हायचं.”

मग शिरोडकर उठले. स्वतः लॅपटॉप उचलला आणि जिन्याकडं चालू लागले. आम्ही सगळे त्यांच्यामागं. तीन मजले चढून गच्चीवर. सोलापूरचं चारचं ऊन, वरून गच्ची तापलेली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत त्यांनी लॅपटॉप ठेवला, आपल्या फोनचं नेटवर्क त्याला जोडलं, आणि चित्र लख्ख झालं. एकेक बोट मोजावं इतकं.

मायाचा चेहरा रडून लाल झाला होता. आम्ही दिसताच तिचे हात सुटले. सुटले म्हणजे थांबेचनात.

“आता काय म्हणतेय?”

चिलवेरी बाईंनी पदरानं डोळे पुसले. “भांडतेय तुमच्याशी. म्हणते, चारला यायचं ठरलं होतं ना? मग इतका वेळ कुठं होतात? आणि हे टोपीवाले कोण मध्येच?”

शिरोडकरांनी डोक्यावरची कंपनीची टोपी काढली. “सॉरी कसं म्हणतात?” त्यांनी बाईंना हळूच विचारलं. बाईंनी खूण दाखवली. त्यांनी ती केली. मायानं मान हलवली, पुन्हा एक खूण केली. बाई हसल्या. “नीट करा म्हणते. तुम्ही चुकीची केलीत.”

त्यांनी तीन वेळा केली, तेव्हा कुठं ती पास झाली.

निकाल असा लागला. त्या वस्तीवरचं नेटवर्क दोन वर्षं राहणार, तसं त्यांनी लेखी दिलं. बाकी चार वस्त्यांचा सर्वे पुन्हा होणार, पण दुसऱ्या संस्थेकडून. बोकील तीन महिने माझ्याशी कामापुरतं बोलले. त्यात त्यांची चूक नव्हती.

मी एवढं शिकले की दारात गेल्यावर प्रश्न विचारण्याआधी, आपण समोरच्याला कोण वाटतो ते विचारून घ्यावं. आणि कुठली गोष्ट नुकसानीत घालायची, ते घरी बसून ठरवू नये.

मध्यंतरी सुनीताचा फोन आला होता. निकाल कळवला होताच, तरी तिच्या मनातली धास्ती गेली नव्हती.

“बाई, परत कुणी सर्वेला आलं तर काय सांगायचं, ते आत्ताच सांगून ठिवा. मला लई भ्या वाटतंय.”

“घाबरायचं काय त्यात? खरं असेल ते सांगायचं.”

“आवो, मागच्या येळंला बी मी खरंच सांगितलं हुतं की!”

“व्हय,” म्हटलं, “तुम्ही एकट्यांनीच.”