विशेष कामगिरी : निरंक

रेणापूरहून लातूरला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत गंगाराममामा पिंपळाच्या वळणावर जागा सोडून उठायचे आणि पुढच्या पुलापर्यंत उभेच राहायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्यासाठीच उठले. मी खुशाल बसलो. पूल ओलांडताच त्यांनी खांद्याला हात लावला, "भाऊसाहेब, उठा आता."

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. नव्या कचेरीत मी कारकून, मामा शिपाई. उस्मानाबादहून आलेला कुठला गठ्ठा कुठे पडलाय, हे फक्त त्यांना ठाऊक. "गठ्ठा हारवत न्हाई, मानूस इसरतो," म्हणत ते नेमका कागद काढून द्यायचे. त्यामुळे गठ्ठे सांभाळणाऱ्या दफ्तरीची जागा निघाली, तेव्हा ती त्यांचीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मामाही त्या आठवड्यात इस्त्रीची टोपी घालून येत.

त्यांचा अर्ज मी भरला. 'विशेष कामगिरी' या रकान्यात सवयीने 'निरंक' लिहून टाकलं. शिपायाला काय विचारायचं!

दोनच दिवसांनी खात्याच्या परीक्षेत मी दुसऱ्यांदा आपटलो. एसटीत मामांपुढे रडगाणं लावलं, "पंचवीस पूर्ण झाली मामा, हातून काहीच झालं नाही. बरोबरीचे साहेब झाले."

"मला बहात्तरच्या दुस्काळात झाली पंचवीस," ते म्हणाले. तेवढ्यात वळण आलं आणि ते उठले. "इथनं पुलापस्तोर सडक आमच्या टोळीनं केली. मी मुरूम टाकला, माझ्या बायकूनं, सोजरनं, खडी फोडली. लई खोकायची. सडक झाली अन् ती गेली. तिच्या खडीवरनं बसून कसं जावं?"

मला माझीच लाज वाटली. कचेरीत पोचताच 'निरंक' खोडून मी सडक लिहिली. साहेबांनी शेरा मारला : 'खाडाखोड. पुरावा नाही.' जागा दुसऱ्याला गेली.

मी माफी मागितली, तर मामा टोपी सारखी करत हसले. "पुरावा पायजे म्हनं सायबाला? परवा दौऱ्याला जीपनं त्याच्यावरनंच गेले की!"

मामा शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. आता तेही नाहीत. वळण आलं की मी उठतो. जागा कुणीतरी लगेच पटकावतं, आणि पूल ओलांडल्यावर ती परत मागायची मामांची हिंमत माझ्यात नाही.