दोन भिंतींआडची खोली

आमच्या दवाखान्याच्या जनरेटरवाल्याला सगळे ‘करंट’ म्हणत. करंट काय तो नावात. माणूस इतका थंड, की बाहेर गोळीबार सुरू झाला तरी आधी हातातला चहा संपवायचा. परमुलखात येऊन त्याला आणि वहिनींना बरीच वर्षं झाली होती. मी दवाखान्याचा स्टोअरकीपर, त्यांच्या समोरच्या दारात राहणारा. आपल्या भाषेची माणसं आम्ही तिघंच, त्यामुळे दुपारचं माझं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं. जेवायचं मात्र पॅसेजमध्ये. बाहेरच्या खोलीला खिडक्या होत्या, आणि खिडकीपाशी बसायचं नाही हे इथं कुणाला सांगावं लागत नाही.

त्यांना मूल नव्हतं. औषधोपचारांना कंटाळून दोघांनी विषयच सोडला होता, आणि मग वहिनींनी दत्तकाचं काढलं. वय पुढे सरकत होतं, आता नाही तर कधीच नाही, हे दोघंही जाणून होते. कागदपत्रं जमवताना नाकी नऊ आले. पोलिसांचा दाखला आणायला करंट जायचा, तर कचेरी बंद, कारण त्या रस्त्यावर सकाळीच काहीतरी उडालेलं. घर बघायला दत्तक देणाऱ्या संस्थेच्या बाईंनी यायला हवं होतं, पण आमच्या शहरात कोण मरायला येतंय? शेवटी व्हिडिओ कॉलवर घर दाखवायचं ठरलं. फोन धरायचं काम माझ्याकडे आलं.

करंटने बाहेरची खोली, स्वयंपाकघर भराभर उरकलं आणि आतली अडगळीची खोली मात्र दार सताड उघडून दाखवली. ती त्याने स्वतः पिवळी रंगवली होती. यंत्रांच्या खोक्यांच्या फळ्या तासून पाळणा केला होता. बाईंनी कौतुक केलं, मग विचारलं, खिडकी कुठे आहे?

“खिडकी नाहीच,” करंट खुशीत म्हणाला. “म्हणून तर ही निवडली. रस्त्याच्या आणि हिच्या मध्ये दोन भिंती आहेत. काही आलंच, तर पहिलीतच अडकेल.”

वहिनी खाली बघत राहिल्या. बाईंनी अगदी हळू विचारलं, “आणि बाळ खेळणार कुठे?”

“पॅसेजमध्ये,” करंट म्हणाला.

बाईंनी नकार दिला नाही. सुरक्षित ठिकाणी राहायला जा, मग पुढचं बघू, म्हणाल्या. मला करंटचा संताप आला. इतकं खरं बोलायची गरजच काय होती? पण तो बिचारा घरातली सगळ्यांत चांगली गोष्ट दाखवत होता.

“अहो, आपल्याला इथली सवय झाली, ते झालं,” वहिनी म्हणाल्या. “बाळाला कशाला लावायची?”

करंटने राजीनामा दिला. बदली माणूस मिळेपर्यंत मात्र सुटका नव्हती. ऑपरेशनं त्याच्या जनरेटरवर चालायची, अर्ध्यात टाकून जाणं त्यालाही जमलं नसतं. आणि बदलीवर यायला कुणी तयार होईना. महिने गेले. वहिनी पिवळ्या खोलीचं दार लावून ठेवू लागल्या. मीही तो विषय काढेनासा झालो.

मग एकदा जेवताना एका मेकॅनिकचा फोन आला, करंटने तो स्पीकरवर टाकला. काम माहितीतलं, पगार मान्य, पुढच्या महिन्यात यायला तयार. वहिनींचा घास हातातच राहिला. करंटने सहज विचारलं, घरी कोण कोण असतं?

“बायको आणि दोन मुली. धाकटी आत्ताच चालायला लागलीय. सगळ्यांना घेऊनच येईन म्हणतो.”

मी करंटला गप्प बस म्हणून खुणा केल्या. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही.

“नका येऊ,” तो म्हणाला. “लेकरं घेऊन यायची ही जागा नाही. दुसरीकडे बघा.”

त्याने फोन ठेवला. मी कपाळाला हात लावला. वहिनी त्याला “बरोबर केलंत” म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, आणि मग ताट पुढे सारून रडायला लागल्या. करंट उष्ट्या हाताने तसाच त्यांच्याशेजारी बसून राहिला.