गोधडीतला कागद

कचेरीतले चष्मेवाले साहेब नलिनीला आता चेहऱ्यानं ओळखायला लागले होते. दोन वर्षांत ही तिची अकरावी खेप. त्यांनी निळी फाईल उघडली, पानं उलटली आणि नेहमीच्याच जागी बोट ठेवलं.

"मूळ जन्मदाखला?"

"प्रवासात गहाळ झाला साहेब. तसं प्रतिज्ञापत्र दिलंय ना."

"ते दिलंत हो बाई. पण मुलगी जन्मली बहारीनला, बाप सिलोनचा. ती कुणाच्या पोटची, तुम्हाला दत्तक दिली कुणी, यातलं एक तरी सांगणारा कागद हवा की नको? मी वर काय पाठवू, तुमचा चेहरा?" मग त्यांनीच आवाज खाली आणला. "ऑगस्टात अठरा पूर्ण होतात तिला. तोवर नागरिकत्वाचा अर्ज आई म्हणून तुमचा. पुढे तिचा तिनं करायचा, परदेशी माणूस म्हणून."

नलिनी जिना उतरली. खाली फाटकाशी तिची लेक रत्नप्रभा उभी होती, पदवीधर बाईसारखा चेहरा करून. हीच परदेशी बाई सकाळी विक्रोळीच्या चाळीत नळावर दोन बायकांशी भांडून हंडा भरून आली होती, आणि पेजेबरोबर लोणच्याची दुसरी फोड मिळाली नाही म्हणून फुगली होती.

"काय म्हणाले गं?"

"बघू म्हणाले."

रत्नाला नर्सिंगला जायचं होतं. बारावीला मार्क झकास पडले होते, मुलाखतही झाली होती. अडलं होतं एवढ्यावरच : तीस जूनच्या आत नागरिकत्वाचा पुरावा आणा. शाळेत कुणी कधी विचारलं नव्हतं. 'जन्मस्थळ बहारीन' एवढं लिहून मास्तरांनी पान उलटलं होतं.

नलिनीचा नवरा काशीराम कारखान्यातला फिटर. अडुसष्ट साली तो बहारीनला गेला, मागून नलिनी गेली. लग्नाला सात वर्षं होऊन घरात पाळणा नव्हता. शेजारच्या खोलीत सिलोनचा एक तमिळ ड्रायव्हर राहायचा. त्याची बायको बाळंतपणात गेली. विसाव्या दिवशी त्यानं दोन साक्षीदारांसमोर पोर नलिनीच्या ओटीत घातलं, दिल्याचं स्वतःच्या हातानं लिहून दिलं, त्याला इस्पितळाचा दाखला जोडला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती निघेपर्यंत तो वळला नाही.

नलिनीनं दोन्ही कागद बाळाच्या गोधडीत शिवून टाकले. बोटीचा प्रवास, कुठे पडायला नकोत. पोरीला आणायला एका फेरीपुरता परवाना मिळाला होता, तो मुंबईच्या धक्क्यावर काढून घेतला गेला.

घरी मालवणहून सासूबाई येऊन बसल्या होत्या. त्यांनी पोरीची दृष्ट काढली, मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हेचा जुना काय आसा ता सगळा पाण्यात सोड. मगे ह्या चेडू आपला झाला." त्यांच्या घरात तशी रीत होती म्हणे.

दोघी विक्रोळीच्या खाडीवर गेल्या. लंगोट सोडले, टोपडं सोडलं, खुळखुळा सोडला. गोधडी हातात घेतली तेव्हा आतला कागद करकरला. थांबा, उसवते, एवढंच म्हणायचं होतं. पण नलिनीला ती भिंतीकडे वळलेली पाठ आठवली. कागद आहे तोवर ही पोर त्याची आहे, कधीतरी तो दारात उभा राहील, असं काहीतरी तिच्या मनानं घेतलं. तिनं हात सैल केला. ओहोटी होती. गोधडी तिवरांच्या कडेनं लांब लांब गेली.

"रडतंस कित्या?" सासूबाई म्हणाल्या. "चांगला झाला ना सगळा?"

काशीरामला तिनं सांगितलं, कागद काढायचे विसरलेच हो. तो म्हणाला, "असू दे. पोरगी आहे ना हातात." चार वर्षांपूर्वी तो गेला, तोही हेच खरं मानून.

शेजारची प्रेमा मागच्या वर्षीपासून तिच्या मागे लागली होती. "अगं, त्या ड्रायव्हरला पत्र टाक की! जन्मदाता आहे, नक्कल काढून देईल. तुझं आपलं उद्या-परवा, उद्या-परवा. पोरीची वाट लावणार आहेस काय?"

चार महिने नलिनीनं पत्र लिहिलं नाही. लिहिलं ते तीन महिन्यांनी परत आलं, वर अरबी शिक्का. पत्त्यावर माणूस नाही. पाकीट हातात घेतल्यावर आधी तिला हायसं वाटलं. त्यासाठी तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

तीस जून गेला. ऑगस्टही गेला. सप्टेंबरात एका दुपारी रत्ना स्वतःचा अर्ज भरायला बसली. नलिनी तांदूळ निवडत होती.

"'मूळ दाखला कोठे व कसा गहाळ झाला.' बोटीवर ना, आई?"

नलिनीचा हात सुपात थांबला.

"नाही. खाडीत. मी सोडला. गोधडीत आहे ते ठाऊक असून."

"म्हणजे?"

"तो तुला मागायला येईल म्हणून."

शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली.

"आला कधी?"

"नाही गं."

रत्नानं मान खाली घातली आणि सावकाश लिहिलं : बोटीच्या प्रवासात. "खरं लिहिलं तर तुझ्यावर येईल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नलिनीला राग चालला असता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अर्ज वाचला, शिक्का मारला आणि गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. "वर्ष लागेल, दोन लागतील. कागद तर नाहीच ना. नर्सिंगचं सोडा, दुसरं काही बघा."

बसमध्ये नलिनी मागच्या बाकावर टेकली. पुढच्या बाकावर रत्ना, मांडीवर निळी फाईल. कंडक्टर आला. आजवर पोरगी दोन बोटं दाखवून म्हणायची, 'दोन विक्रोळी.'

"एक विक्रोळी," रत्ना म्हणाली, आणि खिडकीकडे वळली.

नलिनीला फक्त तिची पाठ दिसत होती.